डब्यातला भालाईत

घोड्याचे दोन अर्धे भाग, दाढीवाल्या स्वाराचं डोकं, मुठीला भोक असलेला एक हात. त्या भोकात बसणारा भाला मात्र कुठेच नाही. मामाच्या ट्रंकेतून निघालेलं एअरफिक्स कंपनीचं ‘बेंगाल लान्सर’चं, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या प्लास्टिकच्या भालाईत स्वाराचं, खोकं मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा एवढंच ओळखू आलं. मामा व्यापारी जहाजावर होता, ते खोकं त्याने कुठल्याशा बंदरातून आणलं होतं. मी नववीत होतो. ट्यूबमधला चिकट द्रव भरभरून लावला, तो घोड्याच्या मानेवर ओघळला आणि पुसायला गेलो तर आयाळीचे कोरीव केस बोटाखाली सपाट झाले. खोकं बंद केलं ते पुढची तीस वर्षं उघडलं नाही. तो घोडा आता माझ्या टेबलावर उभा आहे, मानेवरच्या त्या डागासकट. मधल्या काळात जे शिकलो ते इथे सांगतो, कारण अहिल्यानगरसारख्या लष्करी जिल्ह्यात अशी खोकी माळ्यावर, ट्रंकेत, निवृत्त फौजी आजोबांच्या कपाटात अजून निघतात आणि बहुतेक वेळा खेळणं समजून मुलांच्या हाती किंवा रद्दीत जातात.

पहिली गोष्ट, खोकं सापडलं की लगेच जोडायला बसू नका. डब्यातला माणूस कोण आहे आणि हा डबा कुणी, कधी केला, या दोन प्रश्नांची उत्तरं आधी शोधा.

डब्यापासून सुरुवात करू. एअरफिक्स ही लंडनची कंपनी. मूळच्या हंगेरीच्या निकोलस कोव्ह यांनी ती १९३९ साली काढली. सुरुवातीला हवा भरायची रबरी खेळणी, मग प्लास्टिकचे कंगवे. १९४९ साली एका ट्रॅक्टर कंपनीच्या जाहिरातीसाठी छोटा ट्रॅक्टर केला आणि १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज स्वस्तात, भाग सुटे ठेवून विकायला काढलं. तिथून घरोघर किट जोडायची आवड पसरली. सैनिकांच्या बाबतीत महत्त्वाचं वर्ष १९७१. त्या वर्षी कंपनीने ५४ मिलिमीटर उंचीच्या, सुट्या भागांतून जोडायच्या सैनिकांची मालिका सुरू केली. १९८१ साली कंपनी बुडाली, दुसऱ्यांच्या हाती गेली आणि साचे फ्रान्सला हलले. १९८६ साली ती रंग बनवणाऱ्या हम्ब्रॉलकडे आली आणि २००६ साली हॉर्नबीने विकत घेतली.

हा इतिहास डब्याचं वय ठरवायला उपयोगी पडतो. खोक्यावर ‘फ्रान्समध्ये तयार’ असं असेल तर ते १९८१ नंतरचं. हॉर्नबीचं नाव असेल तर २००६ नंतरचं. बारकोड नसेल तर बहुधा बरंच जुनं. एक चूक मात्र हमखास होते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला कोरलेलं साल पाहून लोक म्हणतात, ‘हे १९७० सालचं!’ ते साल साच्याचं असतं. तोच साचा पुढे वीस-तीस वर्षं, वेगवेगळ्या खोक्यांतून, वेगवेगळ्या रंगाचं प्लास्टिक ओतून वापरला जातो. म्हणून साच्यावरचं साल, खोक्यावरचा पत्ता आणि सूचनापत्रकाची छपाई या तिन्हींची सांगड घातल्याशिवाय वयाचा निकाल देऊ नका.

आता डब्यातला माणूस. माझ्या लेखी खरी मौज इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

‘बेंगाल लान्सर’ म्हटलं की बंगाली सैनिक डोळ्यांपुढे येतो, आणि ते चूक आहे. ब्रिटिशांच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या फौजा होत्या. बंगालच्या फौजेतले हे स्वार पंजाबी मुसलमान, शीख, जाट, राजपूत, डोगरे असे उत्तरेतले होते. ‘बंगाल’ हे फौजेचं नाव, स्वाराच्या गावाचं नव्हे. पुढे १९०३ साली तेव्हाचा सरसेनापती लॉर्ड किचनेरने सगळ्या हिंदी रेजिमेंटांना एकाच क्रमात बसवलं आणि बंगाल, मुंबई ही नावं गेली. मुंबईच्या घोडदळाच्या आकड्यात तर सरळ ३० मिळवले: मुंबईची चौथी रेजिमेंट, म्हणजे पूना हॉर्स, चौतिसावी झाली. त्यामुळे खोक्यावर किंवा चौथऱ्याच्या पट्टीवर ‘बेंगाल लान्सर’ असं असेल तर तो माणूस १९०३ च्या आधीचा, हे कुठलंही पुस्तक न उघडता सांगता येतं.

त्याहून जवळची गोष्ट त्याच्या नोकरीच्या पद्धतीत आहे. इंग्रज तिला ‘सिलादार सिस्टिम’ म्हणत. हा आपला शिलेदार. मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचं घोडं, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. इंग्रजांच्या हिंदी घोडदळाने हीच रीत उचलली. भरती होताना स्वार आपल्या जागेपोटी रक्कम भरायचा, तिला ‘असामी’ म्हणत. घोडं, खोगीर, कपडे, तलवार हा सगळा खर्च त्यातून आणि पगारातून चालायचा. सरकार बंदूक आणि काडतुसं देई. पहिल्या महायुद्धात ही पद्धत टिकली नाही. घरून हजारो मैलांवर मेलेल्या घोड्याची भरपाई स्वाराने कुठून करायची? युद्धानंतर घोडदळाची फेररचना झाली, रेजिमेंटा एकमेकींत मिसळून २१ उरल्या आणि शिलेदारी संपली. विलायतेत छापलेल्या खोक्यातल्या त्या दाढीवाल्या स्वाराच्या मागे आपल्याच भाषेतला शब्द उभा आहे, हे कळल्यावर मला त्याला पुन्हा हात लावावासा वाटला.

एक धागा तर थेट नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यापर्यंत येतो. पहिल्या बेंगाल लान्सर्सचा मूळपुरुष जेम्स स्किनर. बाप स्कॉटिश, आई राजपूत. तरुणपणी तो शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ साली इंग्रज-मराठे युद्ध पेटलं, शिंद्यांनी इंग्रज रक्ताचे अधिकारी काढून टाकले आणि स्किनर कंपनी सरकारकडे गेला. त्याच वर्षी उभं राहिलेलं त्याचं घोडदळ पिवळ्या पोशाखासाठी ओळखलं गेलं. नगरचा किल्लाही तेव्हा दौलतराव शिंद्यांकडे होता आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ रोजी तो घेतला. एकाच वर्षी शिंद्यांच्या हातून हा किल्लाही गेला आणि तो माणूसही.

म्हणून रंगाचा पहिला ब्रश उचलण्याआधी रेजिमेंट ठरवा. चौथऱ्याच्या पट्टीवर किंवा सूचनापत्रकात आकडा असतो, तो भिंगाखाली वाचा. पहिल्या रेजिमेंटचा, म्हणजे स्किनर्सचा, गुडघ्यापर्यंतचा कुडता पिवळा. आकडा सापडला नाही आणि आपल्या मुलखातली रेजिमेंट रंगवायची हौस असेल तर पूना हॉर्स घ्या: गडद निळा पोशाख, गळपट्टी आणि बाह्यांची टोकं फिकट राखाडी-निळी. डेक्कन हॉर्सचा पोशाख गर्द हिरवा, त्यावर पांढरी पट्टी. मात्र पूना हॉर्सचा स्वार रंगवून त्याखाली ‘बेंगाल लान्सर’ची पट्टी चिकटवू नका, कारण ती मुंबईच्या फौजेतली रेजिमेंट. आणि हा सगळा थाट संचलनाचा आहे हे ध्यानात असू द्या. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हेच स्वार मोहिमेवर जाताना खाकीत असत. स्वार झगमगीत पोशाखात असेल तर चौथरा स्वच्छ कवायतीच्या मैदानाचा हवा. खाकीत असेल तर धूळ, दगड, काटेरी झुडूप चालेल. दोहोंची सरमिसळ करू नका.

या भालाइतांचं पुढे काय झालं ते पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही. १९३८ साली घोडे सोडून गाड्यांवर बसायला सुरुवात झाली. पुढे घोडदळाच्या या रेजिमेंटा रणगाड्यांच्या झाल्या आणि त्यांतल्या भारतीय रेजिमेंटांचे जवान घडतात ते नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये. फराहबागेजवळचं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. नावातच ‘कॅव्हलरी’ म्हणजे घोडदळ आहे. पूना हॉर्सचंच पाहा. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाबरोबर झालेल्या तहातून ती उभी राहिली. १९६५ च्या युद्धात तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सेंच्युरियन रणगाड्यात लढताना पडले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आलं. दोघांनाही परमवीर चक्र. खेत्रपाल यांच्या रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’. तो दुरुस्त करून नगरच्या सेंटरमध्येच जपून ठेवला आहे.

तुमच्या खोक्यात स्वाराऐवजी रणगाडा किंवा रणगाड्याचे जवान असतील तर हे संग्रहालय म्हणजे तुमचं सर्वांत मोठं सूचनापत्रक. रोल्स रॉइसची चिलखती गाडी, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, आपला विजयंता, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, सगळे झाडांच्या सावलीत उभे आहेत. तिथे जाताना किटचं सूचनापत्रक बरोबर न्या. फोटोबद्दलचे नियम फाटकावर विचारून घ्या. ते लष्करी आवार आहे. मग एकाच गाडीपाशी अर्धा तास बसा. चिलखताचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेत की वेल्डिंगने? वेल्डिंगची रेघ किती जाड? चाकांवर रबर आहे का, ते कुठे झिजलंय? माणूस चढताना पाय कुठे देतो? रंग आधी तिथेच उडालेला असतो. किटमध्ये हे सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतं, पण डोळ्याने एकदा पाहिलं की हाताला बरोबर सापडतं. एक सावधगिरी: संग्रहालयातला आजचा रंग नंतर दिलेला असू शकतो. आकार तिथून घ्या, युद्धकाळातला रंग जुन्या छायाचित्रांतून.

रणगाड्यांच्या किटवर १:३५ हा विचित्र आकडा दिसतो त्याचं कारणही सांगून टाकतो. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा केला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा तो ठेवला. मोजून पाहिलं तर प्रमाण १:३५ निघालं, आणि पुढे सगळ्या जगाने तेच धरलं. ५४ मिलिमीटरचा सैनिक साधारण १:३२ चा. दोन्ही एकाच चौथऱ्यावर शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांत खुपतो.

आता हाताचं काम. आधी खोक्यावरचं चित्र आणि सूचनापत्रक यांचे, आणि सर्व भाग अजून दांड्यांना चिकटलेले असताना त्यांचेही फोटो काढा. या दांड्यांना स्प्रू म्हणतात. त्या फेकू नका. सीलबंद, पूर्ण किट असेल तर जोडायचं की ठेवायचं हा प्रश्न पडतो. माझं मत स्पष्ट आहे: सील शाबूत असेल तर तसंच राहू द्या, पण उघडलेलं, एखादा भाग हरवलेलं किट जोडाच. ज्याने ते साच्यात कोरलं त्याने जोडण्यासाठीच कोरलं होतं.

प्लास्टिक कोणतं ते ओळखा. कडक सैनिक पॉलिस्टायरीनचे असतात, पुडीत मिळणारे छोटे मऊ सैनिक पॉलिथिलीनचे. स्प्रूचा नखाएवढा तुकडा कापा आणि साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. तळाशी गेला तर पॉलिस्टायरीन, वर तरंगला तर पॉलिथिलीन. साबण अशासाठी, की नुसत्या पाण्याच्या पृष्ठताणावर बारका तुकडा उगाच तरंगतो. हे कळणं फार गरजेचं आहे, कारण मॉडेलसाठी मिळणारं द्रव सिमेंट पॉलिस्टायरीनला वितळवून एकजीव करतं आणि पॉलिथिलीनवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. माझ्या घोड्याची आयाळ गेली ती यामुळेच: मी ज्याला डिंक समजत होतो ते प्लास्टिक विरघळवणारं रसायन होतं. ते बारीक ब्रशने, दोन भाग आधी घट्ट जुळवून, फटीच्या कडेला फक्त टेकवा. ते आपोआप आत ओढलं जातं. ओघळलं तर पुसू नका. तसंच वाळू द्या, दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपरने घासा. फेव्हिकॉलचा इथे उपयोग नाही. झटपट चिकटणारा गोंद धातूचा भाग बसवायला ठीक, पण पारदर्शक भागांवर त्याची पांढरी वाफ बसते.

भाग जोडण्याआधी कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं, त्यावर रंग धरत नाही. नगरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा यांमुळे जुने पातळ भाग वाकलेले असतात. बोट ठेववणार नाही पण उकळतही नाही अशा पाण्यात तो भाग क्षणभर धरा, हळूच सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा. घाईने सरळ केलात तर काडकन मोडतो.

हरवलेले भाग घरी होतात. लगामासाठी स्प्रूचा वीतभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, गोल फिरवत धरा. मध्यभागी तो लोंबायला लागला की बाजूला घ्या, एक श्वास थांबा आणि दोन्ही हातांनी ओढा. सावकाश ओढलात तर जाड तार, झटकन ओढलात तर केसासारखा धागा. मला पंधरा-वीस तुकडे वाया घालवावे लागले, मग हाताला अंदाज आला. खिडकी उघडी ठेवून करा आणि लहान मुलांना एकटं सोडू नका.

भाला तर याहून सोपा आणि अस्सल. या स्वारांचे भाले बांबूचेच असत, साधारण नऊ फुटी, म्हणजे पावणेतीन मीटर. १:३२ च्या सैनिकाला साडेआठ सेंटिमीटर भाला पुरतो: जळून उरलेली उदबत्तीची काडी घासून घ्या. १:१२ चा मोठा सैनिक असेल तर तेवीस सेंटिमीटर, त्याला कबाबची काडी. टोकाला पितळी टाचणी. खाली निशाण; ते बहुतेक वर तांबडं, खाली पांढरं असे. कागदाचं करा, पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल लावा आणि ओलं असतानाच बोटांनी लहर द्या.

नक्षीची चिकटपत्रं, ज्यांना डेकल म्हणतात, ती जुनी झाली की पिवळी पडतात. पिवळेपणा जावा म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून काही दिवस उन्हातल्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा. पण आधी त्यांची स्कॅन प्रत काढा. मग नको असलेला एक तुकडा पाण्यात टाकून पाहा. तो भुगा झाला तर बाकीच्यांवर पारदर्शक वार्निशचा हात देऊन वाळल्यावरच पुढे जा.

रंगाबद्दल दोनच गोष्टी जीव तोडून सांगाव्याशा वाटतात. पहिली त्वचेची. जुन्या सूचनापत्रकांत ‘त्वचारंग’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तो युरोपियन गुलाबी असतो. आपल्या स्वाराला तो लावू नका. तपकिरी, पिवळी माती आणि चिमूटभर तांबडा मिसळा, आपल्याच मनगटाशेजारी धरून रंग जुळवा. दुसरी घोड्याची. इंग्रजी पत्रकात नुसतं ‘तपकिरी’ लिहितात. आपल्याकडे घोड्याच्या रंगांना नावं आहेत आणि ती नावंच रंगवायची रीत सांगतात. कुमैत म्हणजे अंग तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपूट आणि गुडघ्याखालचे पाय काळे. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. हे डोक्यात असलं की खोगीर, तंग, रिकीब, लगाम यांचं चामडं अंगाच्या रंगात मिसळून जात नाही. पिवळा कुडता करणार असाल तर खाली पांढरा प्रायमर हवाच. काळपट प्लास्टिकवर पिवळा दहा हातांनीही बसत नाही. पातळ हात द्या, मध्ये रात्रभर वाळू द्या.

चौथरा करायला मात्र तुम्हाला कुणी शिकवायला नको. दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल, त्यावर अळीव पेरले असतील, कुंभाराकडचे मावळे आणून तटावर उभे केले असतील, तर सगळं येतंच. माती चहाच्या गाळणीने चाळा, तव्यावर कोरडी भाजा म्हणजे ओल आणि किडे जातील, मग पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरवा. मी नगरजवळच्या भिंगारच्या बाहेरून आणलेली काळी माती घेतली, वर थोडा मुरूम. घोड्याचे खूर मातीत किंचित रुतलेले दिसू द्या, नाहीतर तो हवेत तरंगतो.

आणि चौथऱ्याच्या खालच्या बाजूला, पेन्सिलने नव्हे, न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवा: किट कुणाचं, कुणाच्या ट्रंकेतून आलं, स्वार कुठल्या रेजिमेंटचा, भाला आणि लगाम नव्याने केलेले, जोडल्याचं साल, माती कुठली. माझ्या स्वाराखाली शेवटची ओळ आहे, ‘मानेवरचा डाग माझा’.